दारू सोडण्याचा अर्ज, तीन प्रतींत

मुंबई राज्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या माणसाची दारूबद्दल एक पक्की समजूत असायची: या वस्तूला हात लावायचा, तर आधी फॉर्म भरावा लागतो. आमच्याकडे दारूबंदी होती. ज्याला प्यायचीच असेल त्याने डॉक्टरकडून लिहून आणायचं की, या गृहस्थाला दारूवाचून चालत नाही; मग सरकार त्याला परमिट देई. माझ्या मावशीच्या यजमानांकडे असं परमिट होतं. नातेवाईक त्यावरून कुजबुजत, पण मला मात्र त्या कागदाचा लहानपणापासून आदर वाटे. आमच्या खानदानात सरकारने शिक्का मारून मान्य केलेला तेवढा एकच गुण होता.

पुढे मी ड्राफ्ट्समन झालो आणि बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात चिकटलो. बायकोला घेऊन चामराजपेटेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कोपऱ्यावर सारायीचं, म्हणजे गावठी दारूचं दुकान होतं. तिथे कोणी काही विचारत नसे. डॉक्टरची चिठ्ठी नाही, वडिलांचं नाव नाही, काही नाही. रेशनच्या साखरेलासुद्धा कार्ड लागायचं त्या काळात ही एक वस्तू अशी नुसती मिळते, याचंच मला नवल वाटलं. म्हटलं, चव बघावी. चव बघण्यात तीन वर्षं गेली.

त्या तीन वर्षांत मी केलेल्या गाढवपणांपैकी बरेचसे सांगून लोकांना हसवता येतात, आणि मी हसवलंही आहे. एक मात्र सांगताना मला आजही घाई होते.

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. एका रविवारी दुपारी मी तिला लालबागेत नेलं. फाटकापाशी शेंगा विकणारी एक बाई बसायची, सगळे तिला अक्का म्हणत. मुलीला तिच्याजवळ बसवून मी म्हणालो, "पाच मिनिटांत आलो." गुत्त्यावर पाच मिनिटांचा एक तास झाला, त्यात कारखान्यातला एक दोस्त भेटला, बोनस मिळणार की नाही यावर आमचा वाद रंगला, आणि वाद घालत घालत आम्ही बसमध्ये चढलो. घरी आलो, जोडे काढले, पाणी मागितलं. बायकोने तांब्या पुढे केला आणि माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"आणि ती?" ती म्हणाली.

मी परत कसा पोचलो ते मला आठवत नाही. अक्काने शेंगांची पाटी उचलली नव्हती, पोरीला मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली होती. तिने मला कन्नडमध्ये काय काय सुनावलं, त्यातलं मला निम्मंच कळलं. निम्म्यातच भागलं.

त्यानंतर बायको भांडली नाही. तिने फक्त एक नियम केला: मुलीला घेऊन मी एकट्याने कुठेही जायचं नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलासुद्धा नाही. मी हात पुढे केला की पोर आधी आईच्या तोंडाकडे बघायची. आई मान हलवायची. मग पोर हात मागे न्यायची. हे दिवसातून दोनदा तरी व्हायचं आणि तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून मी कोपऱ्यावर जायचो.

एकदा बायको मटार सोलत बसली होती. मी विचारलं, "मी सोडली तर?"

"सोडली तर बघू."

"सोडल्याचा कागद आणला तर?"

"कोणाचा कागद?"

"कोणीतरी देतच असेल."

"तुम्ही तोंडाने शपथा घेतल्यात त्यांचे कागद केले असते तर पोतं भरलं असतं," ती म्हणाली, आणि एक कोवळी शेंग मुलीला दिली. मला दिली नाही.

माझ्या डोक्यातून मात्र कागद जाईना. प्यायला परमिट असतं, तर सोडायलाही काहीतरी असणारच. ते देणारं ऑफिस कुठे असेल याची मला खरोखर उत्सुकता लागली. आणि आठवड्याभरात कारखान्याच्या वाचनालयात, इंग्रजी पेपरात, हरवलेली छत्री आणि हार्मोनियमची शिकवणी यांच्यामध्ये दोन ओळी सापडल्या. दारू सोडावीशी वाटत असेल तर लिहा. आम्हीही त्यातूनच गेलो आहोत. खाली टपालपेटीचा नंबर. नाव नाही, पत्ता नाही, कार्यालयाची वेळ नाही. हे 'आम्ही' कोण, आणि ते एका टपालपेटीत कसे राहतात?

आमचे घरमालक टपालखात्यातून निवृत्त झाले होते. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आमच्याच बाजूने इकडे आले आणि राहिले. घरात ते मराठी बोलत, पण ती मराठी वाटेत कन्नडच्या घरी जेवून आलेली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मी खाली जाऊन त्यांच्यासमोर बसलो.

"अण्णा, माझा एक मित्र आहे."

"बरं."

"त्याला थोडी पिण्याची सवय आहे."

"परवा जिन्यात पडला तोच की?"

"तो नव्हे," मी म्हणालो.

"सरी. जो कोण असेल त्याला सांग, वरून तिसरी पायरी स्वल्प मोडकी आहे, बघून पाय ठेव म्हणून."

मी नंबर पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा बघितला. "ही कंटोनमेंटातली पेटी. इंग्रजीत लिही, पण सरळ लिही बा. तुमचे लोक अर्ज लिहितात तसं नको."

मी तसंच लिहिलं. 'आपल्या जाहिरातीस अनुसरून' अशी सुरुवात केली, माझं शिक्षण, पगाराची श्रेणी आणि दारूचा अनुभव या क्रमाने माहिती दिली, आणि 'आपला आज्ञाधारक' म्हणून शेवट केला. पाचव्या दिवशी साधं पाकीट आलं. आत तीन ओळी होत्या. बुधवारी संध्याकाळी साडेपाच. अमुक चर्चच्या मागचा छोटा हॉल. सोबत काही आणण्याची गरज नाही.

ही शेवटची ओळ मी बायकोला वाचून दाखवली आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरकारी नोकराला ही ओळ वाचून घाम फुटतो. रेशन कार्डाच्या वेळीही काउंटरवरच्या माणसाने असंच म्हटलं होतं आणि मग आम्हाला तीन वेळा परत पाठवलं होतं. मी फसणार नव्हतो. मी रीतसर अर्ज टाइप करून घेतला, मूळ आणि दोन प्रती. जन्मदाखल्याची नक्कल जोडली. दोन फोटो काढले. त्यांत डोळे तांबडे दिसत नाहीत, हा काळ्यापांढऱ्या फोटोंचा मोठा फायदा. राहिला तो वर्तणुकीचा दाखला. तो मागायला पुन्हा खाली गेलो.

अण्णांनी विचारलं, "दाखला मित्राचा पाहिजे की तुझा?"

"माझा," मी म्हणालो.

"आता बरं," ते म्हणाले आणि दौत उघडली. पोस्टातल्या गोल, सुरेख अक्षरात त्यांनी इंग्रजीत जे लिहिलं त्याचा अर्थ असा: सदर गृहस्थांस मी तीन वर्षांपासून ओळखतो. ते नियमितपणे व मनापासून पितात. बाकी वर्तणूक चांगली आहे.

"अण्णा, हे असं..."

"खोटं आहे का?"

नव्हतं. मी घडी घालून फाइलमध्ये ठेवलं.

बुधवारी कारखान्यातून अर्धी रजा काढली. चामराजपेट सोडून कंटोनमेंटात जाणं म्हणजे तेव्हा दुसऱ्या गावी जाण्यासारखं होतं. पेठेत धोतरं आणि कन्नड. तिकडे हॅट, तामिळ आणि इंग्रजी. चर्चच्या आवारात मी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. तिथे मला काय दिसेल याचं चित्र मी मनात अनेकदा रंगवलं होतं. एका लांब बाकावर मळक्या कपड्यांतले बेवडे ओळीने बसलेत, भिंतीवर सडलेल्या लिव्हरची चित्रं लावलीत, टेबलामागे एक डॉक्टर आहे आणि तो एकेकाला आत बोलावतोय. हे सगळं बघायची मला इतकी उत्सुकता होती की आपणही त्या बाकावर बसणार आहोत हे मी जवळजवळ विसरलो होतो. ते ऐन वेळी आठवलं. धीर यावा म्हणून चार वाजता वाटेत मी एक क्वार्टर घेतली आणि वर वेलदोडा चघळला. तुम्हाला हसू येईल. पण दारू सोडायला जायला लागणारा धीर माझ्याकडे तेव्हा त्याच एका दुकानात मिळत होता.

हॉलचं दार उघडं होतं. देवाचं आवार म्हणून मी व्हरांड्यात बूट काढले आणि आत शिरलो. आत बाक नव्हता, चित्रं नव्हती, टेबलही नव्हतं. सात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. त्यांवर स्वच्छ कपड्यांतली माणसं चहा पीत बसली होती, बूट घालून. त्या सगळ्यांनी माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं, कारण तो मोज्याबाहेर होता.

मला वाटलं, खोली चुकली. ही माणसं तर लग्नाला आल्यासारखी दिसतायत.

एक उंच म्हातारा अँग्लो-इंडियन उठून आला. तो रेल्वेचा निवृत्त इंजिन ड्रायव्हर होता, हे नंतर कळलं. त्याने हात पुढे केला. मी त्या हातात फाइल ठेवली.

"हे काय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"माझा अर्ज, सर. मूळ प्रत आणि दोन नकला."

त्याने मला बसायला सांगितलं, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला. त्याचा मी आजही ऋणी आहे. आमच्या कारखान्यात माझा कुठलाही अर्ज कोणी इतका नीट वाचला नव्हता. अण्णांचा दाखला त्याने दोनदा वाचला, मग शेजारच्याला दिला. शेजारच्याने पुढच्याला. दाखला खोलीभर फिरला आणि त्याच्या मागोमाग हसू फिरलं. पण ते हसणं मला लागलं नाही. त्यात एक जण डोळे पुसत म्हणाला, "असा घरमालक मला मिळायला हवा होता."

"तुम्ही कशासाठी अर्ज केलाय?" ड्रायव्हरने विचारलं.

"सभासदत्वासाठी."

"ते झालं."

"केव्हा?"

"तुम्ही दारातून आत आलात तेव्हा."

मी विचारलं, मंजुरी कोण देतं? कोणी नाही. अध्यक्ष कोण? आज चहा मी केलाय, तो म्हणाला, पुढच्या बुधवारी दुसरं कोणी करेल. हजेरीचं रजिस्टर? नाही. नाव काय लिहून घेता? लिहितच नाही. मग कोणी चुकलं तर काढून टाकता कसं? काढून टाकत नाही. साहेब नाही, शिपाई नाही, फाइल नाही, आणि तरी सात माणसं वेळेवर हजर. हे चालतं कसं, या विचाराने माझी नशा निम्मी उतरली.

तेवढ्यात पांढऱ्या कपड्यांतली एक मध्यमवयीन बाई माझ्याकडे येऊ लागली. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, नर्स आहे, म्हणजे इंजेक्शन असणार. काहीतरी रीतसर चालतंय. मी डाव्या हाताची बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. बराच वेळ काही टोचेना. वळून पाहिलं तर बाई बिस्किटांची बशी घेऊन उभी होती.

"एक घ्या," ती म्हणाली. "वेलदोड्यापेक्षा बरं लागेल."

त्या खोलीत वेलदोडा चघळून जाणं म्हणजे चोराने खोटी मिशी लावून पोलीस चौकीत जाण्यासारखं होतं. ती खरोखरच नर्स होती, पण तिथे औषध द्यायला आलेली नव्हती. थोड्या वेळाने ती आपल्याबद्दल बोलली: वॉर्डातल्या औषधी स्पिरिटपर्यंत आपली मजल कशी गेली, ते तिने भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलं. बाई माणूसही पिऊ शकतं, एवढंच नव्हे तर त्याबद्दल चारचौघांत बोलू शकतं, हे मी प्रथमच ऐकत होतो. बिस्किट माझ्या हातात तसंच राहिलं.

मग ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. "बोलायचं असेल तर बोला. नसेल तर नका बोलू."

मी बोललो. बोलण्यात मी कधी मागे नव्हतो. जिन्यातून पडलो ते, बॉसच्या टेबलावर शाईची दौत सांडली ते, चुकून दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवायला बसलो ते, अशा माझ्या ठेवणीतल्या तीनचार गोष्टी मी हातवारे करून सांगितल्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये या गोष्टींना लोक टेबल बडवत. इथे ते नुसते ऐकत होते. कोणी हसत नव्हतं, कोणी तोंडही वाकडं करत नव्हतं. मला पुढची गोष्ट आठवेना. आणि अचानक माझ्याच तोंडून लालबाग बाहेर आली. अक्का, शेंगा, बस, आणि बायकोने दाराकडे पाहिलं ते. इंग्रजी मध्येच संपलं, काही वाक्यं मराठीत गेली. त्यांना किती कळली कोण जाणे.

माझं झाल्यावर मी वाट बघत बसलो. आमच्या लोकांत तुम्ही नुसतं पोट दुखतंय म्हणालात तरी तिघे उपाय सांगतात आणि चौथा वैद्याचा पत्ता देतो. इथे कोणी सल्ला दिला नाही. ड्रायव्हर फक्त म्हणाला, "आलात ते बरं केलंत." मग पुढचा माणूस बोलू लागला.

उठता उठता मी मुद्द्यावर आलो. बायकोला दाखवायला काहीतरी हवं होतं. "सर, मी आलो होतो असा एक दाखला मिळेल का? साधा चालेल. शिक्का असला तर उत्तम."

"आमच्याकडे शिक्का नाही."

"मग घरी माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"आज कोणीच ठेवणार नाही," तो म्हणाला. "आजपासून उद्या या वेळेपर्यंत घेऊ नका. तेवढंच बघा. आणि बूट बाहेर आहेत, ते घालून जा."

घरी आलो तेव्हा बायको वाटच बघत होती. मुलगी पाटीवर काहीतरी गिरवत होती.

"आणलात कागद?"

"देत नाहीत."

"काहीच नाही? पावतीसुद्धा?"

"त्यांच्याकडे शिक्काच नाही."

"म्हणजे तुम्ही गेलात हे मी कशावरून समजायचं?"

माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून झालं ते सगळं सांगितलं. चार वाजताची क्वार्टर, वेलदोडा, बूट, अंगठा, खोलीभर फिरलेला दाखला. इंजेक्शनसाठी गुंडाळलेल्या बाहीपाशी आल्यावर तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"गेला होतात," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुम्ही थाप मारता तेव्हा त्यात तुम्ही फार शहाणे असता."

इतक्या वर्षांत माझी अशी नेमकी तपासणी कोणी केली नव्हती. आमच्या कारखान्यातल्या इन्स्पेक्शन खात्याने तिला घ्यायला हवं होतं. त्या दिवसापासून तसाच पायंडा पडला. बुधवारी मी यायचो आणि त्या संध्याकाळी माझी काय फजिती झाली ते सांगायचो. दुसऱ्यांचं मी कधी काही सांगितलं नाही, तिथे तसं ठरलेलं होतं. स्वतःचं सांगायला मात्र मला कधी तोटा पडला नाही. माझ्या पाळीला मी केलेला चहा सातही जणांनी कपात तसाच ठेवला. एकदा उत्साहाच्या भरात मी सभेच्या कामकाजाचा वृत्तांत टाइप करून नेला. ड्रायव्हरने तो शांतपणे फाडला.

सहाव्या आठवड्यात मी प्यालो. कारण काही नव्हतं. दसऱ्याला कारखाना बंद होता आणि दुकान उघडं होतं, एवढंच. घरी आलो आणि बायकोने वास घ्यायच्या आत दारातच सांगून टाकलं. त्या गोष्टीत काही गंमत नव्हती आणि मी ती घातलीही नाही. मुलगी मधल्या दारात उभी होती. बायकोने तिला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी नियम तोच होता. पण पुढच्या बुधवारी मी निघालो तेव्हा तिने न विचारता माझ्या मोज्यांची जोडी पुढे ठेवली. अंगठ्यापाशी रफू केलेलं होतं.

त्यानंतर किती बुधवार गेले ते मी मोजले नाहीत. आमच्याकडे रजिस्टर नव्हतं. उन्हाळा लागला होता एवढं आठवतं. रविवारची सकाळ होती. बायको पापडाचं पीठ कुटत होती, हात कोपरापर्यंत भरलेले. मुलीच्या फ्रॉकचं माप द्यायला शिंप्याकडे जायचं राहिलं होतं आणि ती सकाळपासून त्यासाठी भुणभुण करत होती.

"तुम्ही घेऊन जा तिला," बायको म्हणाली. मुसळ थांबलं नाही.

मी ऐकलं ते बरोबर ऐकलं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. मी हात पुढे केला. मुलीने आईकडे पाहिलं. आई पिठाकडे बघत होती.

"आई, बाबा हरवतात," मुलगी म्हणाली.

मुसळ थांबलं. लालबागेची गोष्ट आमच्या घरात एवढे महिने तीन माणसं आठवत होती, पण तिसरीला ती अशी आठवत असेल हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. तिच्या हिशेबी ती जागच्या जागी बसलेली होती. हरवलो होतो तो मी.

"हो ना," बायको म्हणाली. "म्हणून नीट धर त्यांना."

पोरीने माझी दोन बोटं मुठीत धरली. जिन्यावर वरून तिसरी पायरी आली तेव्हा 'सावकाश' म्हणाली. रस्ता ओलांडताना ती आधी थांबली आणि मलाही थांबवलं. सारायीच्या दुकानावरून जाताना मी वेग वाढवला, तर म्हणाली, "बाबा, ओढू नका." एका पेरूच्या गाडीपाशी मी नुसता रेंगाळलो, तरी तिने बोटं घट्ट केली.

शिंप्याचं दुकान पलीकडच्या गल्लीत होतं. तो मायलेकींच्या ओळखीचा होता, पण मला त्याने पहिल्यांदाच पाहिलं. त्याने गळ्यातली टेप काढत तिला कन्नडमध्ये विचारलं, आज आई नाही आली? हे कोण?

तिचं कन्नड माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. "आमचे अप्पा," ती म्हणाली. "मी आणलंय त्यांना."

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून दुजोरा दिला. मग माप देण्यासाठी तिला दोन्ही हात वर करायचे होते, म्हणून तिने माझी बोटं सोडली आणि मला दुकानातल्या स्टुलावर बसवून सांगितलं की, माझं होईपर्यंत इथून उठायचं नाही. मी उठलो नाही.